एलोदी, कोराली की मिरेय? मुलीसाठी फ्रेंच वळणाचे नाव निवडताना

फ्रेंच नाव कागदावर देखणे वाटते, पण खरी परीक्षा दारातून हाक मारताना होते. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कान असतात. बारशाला आत्याने नाव ठेवण्याआधी या चारही कानांवर ते घालून पाहावे.

काही नावे लगेच गळतात. 'सोलेन' सोलापूरशी जुळते म्हणून मोह होतो, पण मराठीत 'मी सोलेन' हे क्रियापद आहे आणि वर्गातली मुले ते सोडणार नाहीत. 'आनाईस'चे अननस होते. 'मार्गो'च्या एका प्रचलित स्पेलिंगच्या शेवटी न उच्चारला जाणारा एक्स असतो, त्यामुळे हजेरीत 'मार्गॉक्स' ऐकू येते. 'मानों'चे स्पेलिंग पाहून कुणीही 'मनन' वाचेल, आणि ते आपल्याकडे मुलाचे नाव. 'नोएमी'तला 'एमी' म्हणजे तेलुगूत 'काय'.

उरलेल्या तिघांत आधी मिरेय. कवी मिस्त्राल यांच्या १८५९ च्या प्रोव्हान्साल (दक्षिण फ्रान्समधली भाषा) काव्याने हे नाव लोकप्रिय केले. घरी 'मीरा' म्हणता येते, ही मोठी सोय. अडचण स्पेलिंगची: शेवटी एल-एल-ई, उच्चार मात्र 'य'. बँकेत, रुग्णालयात आयुष्यभर 'मिरेली' दुरुस्त करत बसावे लागेल.

कोराली 'कोराय' म्हणजे पोवळे या शब्दाशी जोडतात. जसे लिहितात तसेच वाचतात. एक काना सुटला तर 'कोरली' होते, म्हणून दाखल्याचा मसुदा अक्षर-अक्षर तपासा.

एलोदी आमची पहिली पसंती. स्पेलिंगप्रमाणे बहुतेक जण 'एलोडी' लिहितात, पण फ्रेंच द दंत्यच असतो, म्हणून 'द' अधिक बरोबर. इथे त्याला आणखी एक कारण आहे: कन्नडमध्ये 'ओडी' म्हणजे पळा, 'ओदी' म्हणजे वाचा! ईकारान्त असल्याने कन्नड-तेलुगू तोंडीही ते सहज बसते.

नावरस अक्षर पाळत असाल तर एलोदीला 'ए' (कृत्तिका, चौथे चरण), कोरालीला 'को' (पुनर्वसू, दुसरे), मिरेयला 'मी' (मघा, दुसरे).

जन्मनोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव ठरले नसेल तर नावाशिवायही होते. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दाखल्यावर नाव मराठी व इंग्रजी दोन्हींत येते, तेव्हा दोन्ही रूपे आधीच लिहून न्या. फ्रेंच अक्षरांवरच्या तिरप्या खुणा स्पेलिंगमध्ये घालू नका; पुढे आधार आणि पासपोर्टवर त्या उमटत नाहीत आणि नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडतो. नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सलग दहा वेळा मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली तर पुढचे नाव घ्या.