डीसी क्लॅम्प मीटर: आठ महिने गाडीवर वापरल्यानंतर

घेताना एकच गोष्ट तपासायची: क्लॅम्पने (वायर न सोडता तिच्याभोवती लावायच्या जबड्याने) डीसी, म्हणजे बॅटरीचा, करंट मोजता येतो का. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प मीटर घरच्या वायरिंगसाठी असतात, फक्त एसी मोजतात; गाडीच्या केबलीला लावले की नुसता शून्य. हा दोन्ही मोजतो आणि याच्या २ अँपियरच्या रेंजमध्ये १ मिलिअँपियरपर्यंत आकडा दिसतो. उभ्या गाडीची बॅटरी का उतरते ते शोधायला हीच रेंज लागते.

साध्या मल्टिमीटरने ही गळती मोजायची तर निगेटिव्ह केबल सोडून मीटर मध्ये घालावा लागतो. कोणी चुकून सेल्फ मारला की मीटरचा फ्यूज गेलाच. क्लॅम्पला काही सोडायचं नाही. बॉनेट उघडं ठेवून गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला तेवढा वेळ घेतात. निगेटिव्हला जाड केबलीसोबत बारीक वायर असेल तर दोन्ही एकदम जबड्यात घ्या. २० ते ५० मिलिअँपियर ठीक. ४५ एएचच्या (अँपियर-तास, बॅटरीची क्षमता) बॅटरीतून ५० मिलिअँपियर म्हणजे दिवसाला १.२ एएच, निम्मी व्हायला अठरा-एकोणीस दिवस. ३०० दिसले तर तीनच दिवस.

चोर शोधताना फ्यूज उपटत बसू नका, झोपलेली युनिटं जागी होतात. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. १० अँपियरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपियर. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमकडे आधी बघा: पिवळी वायर कायमच्या सप्लायला आणि लाल किल्लीच्या सप्लायला हवी, बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळल्या असतील तर सिस्टिम बंद होतच नाही.

आता वैताग. मीटर १५ मिनिटांनी आपोआप बंद होतो, आणि चालू केल्यावर झिरो (केबल न धरता आकडा शून्यावर आणणं) पुन्हा करावा लागतो. शिवाय झिरो केबलीच्या अगदी जवळ, ज्या दिशेने धरणार त्याच दिशेने करायचा. नुसता मीटर फिरवला तरी पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे आकडा सरकतो, आणि १०–१५ मिलिअँपियरची चूक इथे लहान नाही. सोबतचे प्रोब (टेकवून मोजायच्या टोकदार सळ्या) बोथट आहेत. मगर-क्लिप वेगळ्या घ्याव्याच लागतात.

व्होल्टेजला मात्र तक्रार नाही. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५, नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) गरजेनुसार खाली-वर करतो, तेव्हा एका आकड्यावरून निकाल लावू नका.

केबल तपासायला मीटरच्या बीपवर (तार जोडलेली असली की वाजतो तो) विसंबू नका. दोन-चार तारा शाबूत असल्या तरी मीटर बीप देतो, आणि त्याच केबलीतून सेल्फला लागणारा करंट जात नाही. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर धरा (त्यावर आवळलेल्या केबलीच्या पकडीवर नाही, शिशाच्या खुंटावर), दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची केबल किंवा तिचा जोड खराब. हे प्रोबनेच करावं लागतं, कारण क्लॅम्पची रेंज १०० अँपियरला संपते आणि सेल्फ त्याच्या वर सहज जातो.