१९३९ चा रुपया आणि माझे १ लाख ९६ हजार ७००

आकडा आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटी लाज वाटून गोल करायला नको. जुन्या चांदीच्या नाण्यांच्या फसवणुकीत माझे गेले १ लाख ९६ हजार ७०० रुपये. घरात बायको सोडून कुणाला खरा आकडा माहीत नाही, भावाला मी "वीस-पंचवीस हजार गेले" असं सांगितलंय.

नोव्हेंबर २०२३, धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा. तासगावात बेदाण्याचा सौदा झाला होता, हातात पैसे होते. चांदी तेव्हा किलोला ७२ हजाराच्या आसपास होती आणि माझं ठरलेलं होतं की सांगलीत सराफ कट्ट्यावर जायचं, दोन-अडीच किलोची वीट घ्यायची, पावती घ्यायची, कपाटात टाकायची, विषय संपला. एवढं साधं होतं. मग एका ओळखीच्याने सांगितलं की वीट काय घेतोस, विटेला फक्त चांदीचा भाव मिळतो, जुन्या रुपयाला चांदीचा भाव पण मिळतो आणि वर शौकिनांचा भाव पण मिळतो. आता हे ऐकायला किती बरोबर वाटतं बघा. आणि अर्धं खरं पण आहे, तेच तर दुखतं.

मिरज रोडला एका हॉटेलच्या खोलीत असली नाणी विकणारा बसला होता. पांढरा शर्ट, पांढरे हातमोजे, समोर मखमलीचा ट्रे. प्रत्येक नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, वर नंबर आणि होलोग्राम. म्हणाला दीड वर्षात दीडपट किमतीला आम्हीच परत घेतो, लिहून देतो. इंग्रज राजा पंचम जॉर्जचे चाळीस चांदीचे रुपये, नगाला २६०० म्हणजे १ लाख ४ हजार. १९११ चे दोन, प्रत्येकी ९५००, म्हणजे १९ हजार. आणि १९३९ चा एक, ६२ हजाराला. सर्टिफिकेटचे वेगळे ४५००. १ लाख ४० हजार रोख दिले, ४९,५०० यूपीआयने, आणि यूपीआयवर नाव भलत्याच कुणाचं तरी आलं तर म्हणाला "पार्टनर आहे". मी पण हो म्हटलं.

मी काही अगदीच अडाणी नाही हो. घरी येऊन (घरी येऊन! म्हणजे पैसे दिल्यावर!) मी वाचलं होतं. रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, १९४० पासून सरकारने ती निम्म्यावर आणली, म्हणून १९३९ चा रुपया हा जुन्या कसाचा शेवटचा आणि तो खरोखर दुर्मिळ असतो. १९११ च्या नाण्याची गोष्ट पण खरी आहे, राजाच्या अंगरख्यावर जो हत्ती कोरला होता तो लोकांना डुकरासारखा दिसला, मुसलमान लोक भडकले आणि सरकारला ती नाणी मागे घ्यावी लागली. म्हणजे गोष्टी सगळ्या खऱ्या होत्या. खोटी फक्त नाणी होती.

आता ते सांगतो जे आठवलं की आजही रात्री झोप उडते. त्याने डुकराची गोष्ट सांगताना ते दोन्ही १९११ चे रुपये माझ्या हातात दिले आणि भिंग दिलं. मी हत्ती शोधत होतो. शोधताना मला दिसलं की एका रुपयावर राजाच्या दाढीखाली एक बारीक खरचटा आहे, तिरका, तांदळाच्या कणीएवढा. दुसरा रुपया बघितला. त्यावर पण तोच खरचटा. तिथंच. तेवढाच. तसाच तिरका. मी त्याला बोललो सुद्धा, "हे दोन्हीवर सारखंच आहे की." तो हसला, म्हणाला "साहेब, तुमची नजर चांगली आहे, तो टांकसाळीच्या ठशाचा दोष आहे, अशा नाण्याला उलट जास्त किंमत येते." आणि मी खूश झालो!! माझी नजर चांगली आहे म्हणून खूश झालो. अरे शंभर वर्षं दोन वेगवेगळ्या हातांतून फिरलेल्या नाण्यांवर एकाच जागी एकच खरचटा कसा पडेल? एका नाण्याचा साचा काढून दोन ओतली की पडतो. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं मी ते.

आणि घरात गलाईवाला असताना. हे सगळ्यात वाईट. बायकोचा भाऊ विट्याकडचा, वीस वर्षं मदुराईत सोनं-चांदी गाळतोय. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली पोरं अख्ख्या देशात हा धंदा करतात आणि मला एक फोन करायचा सुचला नाही. खरं सांगू का, सुचला होता. पण तो "वीट घ्या" म्हणणार हे माहीत होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मे २०२५ ला दीड वर्ष झालं. मी त्या नाणीवाल्याला फोन केला. त्याने उचलला (इथंच मला वाटलं माणूस खरा आहे). म्हणाला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जुनी नाणी विकायला रिझर्व्ह बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते, ७२०० भरा. भरले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. असली कुठली एनओसी नसते. आरबीआयने २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी कुणी चार्ज, कमिशन मागत असेल तर देऊ नका, आम्ही असल्या व्यवहारात नसतो. मी ते वाचलं पैसे भरल्यावर आठ दिवसांनी.

त्याच महिन्यात मेव्हणा लग्नाला गावी आला होता. ट्रे समोर ठेवला. त्याने पहिल्यांदा काय केलं तर डब्या फोडल्या. मी ओरडलो, सील फोडलं की किंमत जाते म्हणून. तो म्हणाला, "दाजी, सील कशासाठी असतंय? तुमी वजन करू नये म्हणून."

काटा, कसोटी, तेजाब. चाळीसपैकी अठ्ठावीस खरे, पण ते १९१२ ते १९२० चे, पोत्याने मिळणारे. सात निघाले १९४० च्या पुढचे, अर्ध्या चांदीचे, ते मधे घातले होते आणि मी वर्ष वाचलं नव्हतं. पाच नुसते ओतीव, थेंब टाकला की हिरवा फेस. १९११ चे दोन्ही तसेच. आणि ६२ हजाराचा १९३९? तो चांदीचा निघाला, मला हायसं वाटलं, मग त्याने भिंगातून शेवटचा ९ दाखवला, भोवतीची जागा घासून गुळगुळीत केलेली. १९३८ चा रुपया, आठाचा नऊ केलेला. "चांदी खरी हाय दाजी, आकडा खोटा हाय." सगळी मिळून शुद्ध चांदी साडेतीनशे ग्रॅम. घेतली तेव्हाच्या भावाने पंचवीस हजाराची.

आता पोलीस. चौकीत गेलो तर म्हणे यूपीआय आहे ना, मग सायबरला जा. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन केला, त्यांनी ७२०० ची तक्रार घेतली, ४९,५०० ला म्हणे दीड वर्ष झालं, आता काय होल्ड करणार, आणि रोख दिलेले आमच्याकडे येत नाहीत, ठाण्यात जा. ठाण्यात हवालदार म्हणतो, "चांदीची नाणी दिली ना त्याने? मग फसवलं कसं?" मी साच्याचं सांगितलं, आठाचा नऊ सांगितला, त्याने एक रुपया उलटासुलटा करून विचारलं, "शेतात सापडली का? गुप्तधन असलं तर तुमच्यावरच केस होईल." १८७८ चा कायदा आहे तो, दहा रुपयांच्या वरचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मी विकत घेतलीत हो, पावती आहे! पावती बघितली तर खाली बारीक अक्षरात, "हौशी संग्रहवस्तू, परत घेतली जाणार नाही." परत घ्यायचं वचन वेगळ्या कागदावर, त्यावर सही वाचता येत नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर सामनेवाल्याचा पत्ता आणा. पत्ता पुण्याचा, स्वतःच्या खर्चाने जाऊन आलो, तिथे झेरॉक्सचं दुकान. त्या दुकानदाराने सांगितलं तुमच्या आधी चौघं येऊन गेले. चौघं! आणि ठाण्यात मला सांगतात असली ही पहिलीच तक्रार.

ज्यांना खरंच नाण्यांचा नाद आहे त्यांनी घ्यावीत, त्यांना वर्ष, टांकसाळीची खूण सगळं पाठ असतं. आपण नाही त्यातले. सोन्यासारखी चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून वीट घेताना पण पावतीवर वजन आणि टंच (शुद्धता) लिहून घ्या. रुपया घेतलाच तर डबीबाहेर, काट्यावर. चुंबक लावा पण त्यावर विसंबू नका, माझे ओतीव रुपये चुंबकाला चिकटत नव्हते. लक्ष्मीचं नाणं सराफाकडून घेतलं तरी मजुरी गेली ती गेली, विकताना वजनाचाच भाव. आणि गोष्ट सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका.

२०२५ च्या दिवाळीत चांदी दीड लाखाच्या पुढे गेली. अडीच किलोचे पावणेचार लाखाच्या वर झाले असते. बायको काही बोलली नाही, लक्ष्मीपूजनाला तेच अठ्ठावीस रुपये ताटात मांडले.

परवा ठाण्यातून फोन आला. मला वाटलं सापडला. हवालदार म्हणाला, तपास चालू आहे, आणि तो १९३९ चा रुपया जरा घेऊन या, साहेबांना जुन्या नाण्यांचा छंद आहे.