९ नोव्हेंबरचं पत्र: अर्ली डिसिजन, ‘मेरिट स्कॉलरशिप’ आणि गेलेले ४,८५,२५० रुपये

आकडा आधीच सांगतो, नाहीतर लिहिता लिहिता लाजेने तो कमी करून सांगायचा मोह होईल. मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवण्याच्या नादात एका कन्सल्टंटकडे गेलेले चार लाख पंच्याऐंशी हजार दोनशे पन्नास रुपये. १,७५,००० कन्सल्टंटचं ‘पॅकेज’, ६८,००० सीट डिपॉझिट, २,१२,५०० ‘स्कॉलरशिप कन्फर्मेशन’ आणि २९,७५० सेव्हिस फी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठीची अमेरिकी सरकारी फी. पावत्या सगळ्या आहेत, सही-शिक्क्यासकट.

मी अडाणी नाही, हेही सांगून ठेवतो. एकोणीस वर्षं निर्यात विभागात काम करतोय. बनावट कागद म्हणजे काय ते मला कळतं. ओटीपी मागणारे, डिजिटल अरेस्टवाले, लॉटरीवाले, यांचे फोन मी ऐकून न घेता बंद करतो. पण हा माणूस फोनवरचा नव्हता. त्याचं ऑफिस होतं, रिसेप्शन होतं, भिंतीवर अमेरिकेला गेलेल्या मुलांचे फोटो होते. त्यातली दोन मुलं आमच्या ओळखीतली होती आणि ती खरंच गेली होती.

शिवाय तो सांगत होता त्यातलं निम्मं खरं होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच खासगी विद्यापीठांत अर्ली डिसिजनची, म्हणजे लवकर करायच्या बंधनकारक अर्जाची, शेवटची तारीख १ नोव्हेंबर असते, निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो, अर्ली डिसिजन एकाच ठिकाणी टाकता येतं आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं. हे सगळं मी पडताळून पाहिलं होतं. ते बरोबर निघालं म्हणून पुढचंही बरोबर असेल असं धरून चाललो. त्याने न सांगितलेली गोष्ट अशी, की ज्यांचं जाणं शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे त्यांनी असा बंधनकारक अर्ज करणंच धोक्याचं आहे. मदत अपुरी पडली तर सुटता येतं, पण दुसऱ्या कुणाची ऑफर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तुलना हवी असेल तर अर्ली ॲक्शन पाहा. त्यात निकाल लवकर कळतो, बंधन नसतं, आणि उत्तर द्यायला साधारण १ मेपर्यंत वेळ मिळतो. हे मला जानेवारीत कळलं.

मुलीला दहावीला ९६ टक्के होते, अमेरिकी प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत १४२०. त्या विद्यापीठाचा वर्षाचा खर्च साठ हजार डॉलरच्या वर. तो म्हणाला, “सर, या प्रोफाइलला चाळीस हजार डॉलरची मेरिट स्कॉलरशिप कुठे जात नाही.” उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज आणि गावाकडच्या जमिनीतला माझा हिस्सा, असा हिशेब मी वहीत मांडला होता. ती वही अजून आहे. उघडवत नाही.

कॉमन ॲपचं, म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांना अर्ज करायच्या संकेतस्थळावरचं, खातं त्याने उघडलं. ईमेल आयडीही त्यानेच मुलीच्या नावाने नवा काढला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. “मुलांकडून डेडलाइन चुकतात, आम्ही बघतो.” पासवर्ड तुमच्या मुलाकडे नसेल तर तो अर्ज तुमच्या मुलाचा नाही. कुणी कितीही गोड बोलो, पहिल्या दिवशी पासवर्ड मागून घ्या. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. माझी सही कुणी मागितलीच नाही. तेव्हाच उठायला हवं होतं.

पण खरा क्षण तो नव्हता.

भाऊबीज ३ तारखेला झाली. ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार, संध्याकाळी त्याने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. विद्यापीठाचं बोधचिन्ह, मुलीचं नाव, अभिनंदन, वर्षाला ४०,००० डॉलर, चार वर्षं. मुलगी रडायला लागली. मी पत्र तीनदा वाचलं. वरच्या कोपऱ्यात तारीख होती ०९/११/२०२४.

अमेरिकेत महिना आधी लिहितात. ९ नोव्हेंबर ते ११/०९ असा लिहितात. हे मला कुणी शिकवायची गरज नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका अमेरिकन ऑर्डरची तारीख उलटी वाचली होती आणि माल दोन महिने उशिरा गेला होता. तेव्हापासून अमेरिकेहून आलेल्या कुठल्याही कागदावर माझी नजर आधी तारखेवर जाते. त्या दिवशीही गेली. अडकली. आणि मीच मनात म्हणालो, भारतीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय पद्धतीने लिहिली असेल. त्या माणसाला खोटं बोलावंही लागलं नाही. त्याच्या वतीने सबब मी शोधली.

बायको म्हणाली, “अहो, निकाल डिसेंबरात म्हणाले होते ना?” १ तारखेला अर्ज बंद होतात आणि आठ दिवसांत उत्तर येतं? मी तिच्यावरच खेकसलो की स्कॉलरशिपवाल्यांना आधी कळवत असतील. मग त्याला फोन केला, तर तोही तेच म्हणाला, “प्रायॉरिटी रिव्ह्यू असतो, सर.” माझंच वाक्य इंग्रजीत परत आलं आणि मला ते पुराव्यासारखं वाटलं. आजही रात्री जाग येते ती याच आठवणीने. पैशांपेक्षा हे जास्त लागतं, की तिने विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं.

पुढचं भराभर झालं. ४८ तासांत डिपॉझिट भरा, नाहीतर सीट जाईल. ८०० डॉलर, ८५च्या दराने ६८,०००. मग शिष्यवृत्ती ‘लॉक’ करायला २,५०० डॉलर, पहिल्या सत्रानंतर परत मिळणारे, म्हणून २,१२,५००. हे मी आरटीजीएसने त्याच्या वैयक्तिक बचत खात्यात भरले. विद्यापीठाला थेट का नाही, हे विचारलं होतं. म्हणाला, आमचं टाय-अप आहे, तुमचा टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर) वाचेल. त्या आर्थिक वर्षात सात लाखांपर्यंत टीसीएस लागतच नव्हता! बँकेत जाऊन नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं. परदेशी विद्यापीठाचे पैसे तुमच्या बँकेतून, तुमच्या सहीने, विद्यापीठाच्याच खात्यावर गेले पाहिजेत. मधल्या माणसाच्या खात्यात एक रुपयाही नको. आणि शिष्यवृत्ती फीमधून वजा होते. ती मिळवायला किंवा टिकवायला कुणी पैसे मागत असेल तर ती शिष्यवृत्ती नाही.

डिसेंबरमध्ये मुलीच्या मैत्रिणीचा निकाल विद्यापीठाच्या पोर्टलवर लागला. मुलीने मला विचारलं, “बाबा, माझं पोर्टल कुठंय?” कन्सल्टंटचं उत्तर, स्कॉलरशिप केसेस वेगळ्या हाताळतात. वर सेव्हिसचे ३५० डॉलर म्हणून आणखी २९,७५० घेतले. ती फी अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर थेट भरायची असते, आणि तीही आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, हातात आल्यावर. आमच्या हातात काहीच नव्हतं.

२४ जानेवारीला मुलीने मला न विचारता विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता काढून प्रवेश कार्यालयाला मेल केला. २७ला उत्तर आलं. तुमच्या नावाचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही, हे पत्र आमचं नाही. खातं उघडलं होतं, अर्ज पाठवलाच नव्हता. तोवर १ जानेवारीच्या बहुतेक मुदती गेल्या होत्या. जेईईच्या जानेवारी सत्राचा फॉर्म २२ नोव्हेंबरला बंद झाला होता. तो भरू नका, गरज काय, असं सांगणारा हाच. फेब्रुवारीत एप्रिलच्या सत्राचा आणि सीईटीचा फॉर्म भरला, पण तयारी कसली असणार? एक मेल, फुकट, तीन दिवसांत उत्तर. तो नोव्हेंबरमध्ये मी करायला हवा होता. बारावीतल्या पोरीला करावा लागला.

आता पोलिसांचं. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. मी बनावट पत्र आणि विद्यापीठाचा मेल टेबलावर ठेवला. न वाचता म्हणाले, सायबरला जा. सायबर ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः ओळखीच्या माणसाला दिलेत, यात सायबर काय? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे जाऊन दोन महिने झालेत, आता खातं गोठवून काय मिळणार. (संशय येताच त्याच तासाला १९३० लावा, नंतर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो.) बँक म्हणाली, व्यवहार तुमच्याच संमतीने झाला. आर्थिक गुन्हे शाखेत रक्कम ऐकून म्हणाले, आमच्याकडे कोटींच्या फायली आहेत. परत पहिल्या ठाण्यात. तिथे साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब कोर्टात. पाचव्या खेपेला एका हवालदाराने मला म्हटलं, “एवढे शिकलेले तुम्ही, अमेरिकेची हौस तुम्हाला, आणि त्रास आम्हाला.” मुलगी शेजारी उभी होती. शेवटी अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला, एफआयआर नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) म्हणजे जुनं ४२०, सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे त्यांना मी सांगायचं? आणि सांगितलं तर म्हणतात, कायदा आम्हाला शिकवू नका.

एफआयआर घेत नसतील तर भांडत बसू नका. मी त्यात सात आठवडे घालवले. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली वरिष्ठांना, म्हणजे अधीक्षक किंवा आयुक्तांना, पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, पावती जपा, मग मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि समांतर जिल्हा ग्राहक आयोग. कन्सल्टंटने पैसे घेऊन सेवा विकली आहे, त्यामुळे तुम्ही ग्राहक आहात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. वकिलाने हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं असं वाटलं.

आयव्ही लीग या अमेरिकेतल्या नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातली आठही विद्यापीठं मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत, फक्त आर्थिक गरज पाहून मदत देतात. त्यांच्या नावाने मेरिटचं आमिष कुणी दाखवलं तर त्या खुर्चीवरून उठा. फुकट आणि खरी माहिती हवी असेल तर अमेरिकी परराष्ट्र खात्याचं एज्युकेशनयूएसए आहे, मुंबईतही केंद्र आहे. मला ते माहीत नव्हतं असं नाही. फुकट आहे म्हणून मी ते कमी दर्जाचं समजलो, आणि पावणेदोन लाख घेणारा तज्ज्ञ वाटला.

मुलगी आता इथल्याच कॉलेजात इंजिनीअरिंग करतेय. त्या माणसाने दोन चेक दिले, एक ५०,०००चा, एक १,००,०००चा. दोन्ही परत आले. त्याचं ऑफिस बंद झालेलं नाही. मागच्या आठवड्यात काचेवर नव्या अर्ली डिसिजन बॅचची पाटी पाहिली, मुदत १ नोव्हेंबर. आत एक आई-वडील बसले होते. मी आत गेलो आणि त्यांना पत्र दाखवलं, तारीख दाखवली. त्याने वॉचमनला बोलावलं. ते दोघं मात्र माझ्या मागून बाहेर आले, आणि रस्त्यावर उभं राहून वडिलांनी मुलाला फोन लावला, पासवर्ड तुझ्याकडे आहे का म्हणून विचारायला.