स्टिअरिंग बॉक्स बदलला म्हणून ३२,७०० घेतले आणि माझाच बॉक्स रंगवून परत लावला

गॅरेजवाल्याचं नाव टाकत नाही, कंप्लेंट चालू आहे आणि ओळखीतला वकील म्हणाला उगाच हात पोळून घेऊ नकोस. पण ज्यांच्याकडे जुना टाटा ४०७ ट्रक किंवा तसली कुठली गाडी आहे त्यांनी वाचा. बारा वर्षं गाडी चालवतोय, वडिलांची गाडी, २०११ चं मॉडेल, तरी मला शाळेतल्या पोरासारखं बनवलं. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

झालं असं की जुलैत स्टिअरिंग लूज वाटायला लागलं. सरळ रस्त्यावर पण सारखं डावं-उजवं करत राहायचं, आणि पुलाच्या जॉइंटवर किंवा खड्ड्यात चाक आपटलं की चाळीस-पंचेचाळीसच्या स्पीडला पुढचा सगळा भाग थडथडायचा, स्टिअरिंग हातातून हिसके मारायचं, वीसवर आणल्याशिवाय थांबायचं नाही. एरवी मी दोन मिस्त्रींना दाखवलं असतं. पण २०२५ चा गणपती २७ ऑगस्टला, पेणजवळच्या हमरापूरहून मूर्ती आणायच्या चार खेपा घेतलेल्या, ॲडव्हान्स खिशात. शाडूची मूर्ती थरथरीत कशी राहणार? नेहमीचा मिस्त्री गावी गेलेला. म्हणून खाडीपुलाच्या पलीकडे एकाने सांगितलेल्या गॅरेजात २९ जुलैला गाडी नेली.

त्याने दारातून हात घालून स्टिअरिंग दोनदा हलवलं आणि म्हणाला, "सेठ, बॉक्स गया." म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा गिअरचा डबा गेला. बस्स. जॅक लावला नाही, चाक उचललं नाही, खाली कोणी झोपलं नाही. चाक न उचलता जो बॉक्स गेला म्हणतो त्याच्याकडून तिथल्या तिथे गाडी काढा, हे मी आता बोलतोय, तेव्हा मान डोलावत होतो.

रिकंडिशन, म्हणजे दुरुस्त केलेला जुना बॉक्स, माझा बॉक्स त्याला देऊन २१,५००, तेल १,३००, मजुरी ३,५००. म्हणजे २६,३००. पक्कं बिल हवं तर बॉक्सवर तेव्हाचा २८ टक्के जीएसटी वेगळा, ६,०२० रुपये. मी म्हटलं राहू दे कच्चंच. हो, मीच म्हटलं. तुम्ही पण म्हटलं असतं, उगाच साव बनू नका.

मग "सेठ, चाय पी के आओ". चार तास. परत आलो तर चंदेरी रंगाचा चकचकीत बॉक्स बसलेला, रंगाचा वास येतोय. आणि आता ती गोष्ट जी आठवली की रात्री झोप उडते. त्याच्या पोऱ्याने पत्र्याच्या डब्यातून एक सेक्टर शाफ्ट, म्हणजे बॉक्सच्या आतला दातेरी दांडा, काढून माझ्या हातात दिला, "हा तुमचा, बघा दात तुटलाय." मी हातात घेऊन बघितला, फोटोसुद्धा काढला. तुटलेल्या जागी तांबूस गंज होता आणि अख्खा पार्ट कोरडा. माझा अंगठा गंजाने लाल झाला, तो मी पॅन्टला पुसला. अरे, पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स आतून तेलात बुडालेला असतो, तासाभरापूर्वी उघडलेल्या बॉक्समधला पार्ट कोरडा आणि गंजलेला कसा असेल? तेलाने हात बरबटायला हवा होता. आणि दात तुटला असता तर स्टिअरिंग वळवताना अडकलं असतं, नुसतं लूज कशाला झालं असतं? हे सगळं मला येतं. वडिलांनी शिकवलंय. त्या क्षणी डोक्यात फक्त हमरापूरची खेप. तो शाफ्ट त्या डब्यातून आजवर किती जणांच्या हातात गेला असेल देव जाणे.

रिकाम्या गाडीची सिमेंट रोडवर ट्रायल घेतली, प्ले, म्हणजे स्टिअरिंगचा मोकळा खेळ, एकदम कमी. का कमी? कारण त्याने फक्त बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला होता. तो आवळला की दोन दिवस गाडी नवीन वाटते, मग स्टिअरिंग मधोमध जड होतं आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही.

२ ऑगस्टला पहिली खेप. येताना महामार्गावर एका खड्ड्यात तेच थडथड, उलट जड स्टिअरिंगमुळे सावरायला जास्त त्रास. एका मूर्तीचं मनगट तडकलं, मंडळवाल्यांनी ४,००० कापले. ४ तारखेला परत गॅरेजात, तर म्हणे बॉक्स ओके आहे, तुमचा पॉवर स्टिअरिंगचा तेलपंप कमजोर, ६,४००. दिले. जो २६,३०० घालून बसलाय तो अजून ६,४०० घालतो, कारण आधीचे वाया गेले हे मान्य करायची लाज वाटते.

शेवटी वडाळ्याला वडिलांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. काकांनी आधी माझ्याशी बोलणंच केलं नाही. एक्सलखाली जॅक लावला, चाकाखाली पहार घालून वर उचकटली, चाक वरून-खालून खटखट हललं. मग मला म्हणाले, "ब्रेक दाबून धर." ब्रेक दाबून खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती. राहिला. मग चाक डावी-उजवी हलवून मला खाली झोपायला लावलं, टायरॉड एंडचा, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा, बॉल सॉकेटमध्ये नाचताना डोळ्यांनी दिसत होता. ग्रीस निपल मातीने बुजलेले, किती महिने ग्रीसगन लागली नव्हती ते विचारू नका, ती चूक माझी. डाव्या चाकाला रिसोल, म्हणजे जुन्यावर नवा रबर चढवलेला टायर, त्याला फुगवटा. तो पण मीच लावलेला, १,८०० वाचवायला.

मग काकांनी स्क्रूड्रायव्हरने त्या चंदेरी बॉक्सचा रंग खरवडला. खाली एमसील. मागच्या वर्षी साइड कव्हरमधून तेल झिरपत होतं म्हणून मी माझ्या बोटांनी थापलेली. काका म्हणाले, "अरे, हा तर तुझाच." मला काय बोलावं सुचेना.

दोन्ही बाजूचे किंगपिन आणि बुश, बुश रीमिंग करून, टायरॉड एंड दोन, बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, ड्रॅगलिंकचा, एक एंड, बॉक्सचा आवळलेला स्क्रू परत होता तिथे सैल, टो-इन म्हणजे पुढच्या चाकांचा कोन सेट, सगळं मिळून ९,१५०. टायर वेगळा. गाडी आता खड्ड्यात आपटते आणि गप्प पुढे जाते.

आता पोलीस. घराजवळच्या चौकीत गेलो तर म्हणे गॅरेज खाडीपलीकडे, आमची हद्द नाही. खाडीपलीकडे गेलो तर म्हणे तुम्ही पैसे कुठून पाठवले, चेंबूरहून? मग तिकडे. म्हटलं झिरो एफआयआर, हद्द न बघता घेतात तो, घ्या, तर साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांचा पगार विचारला. तिसऱ्या खेपेला एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८(४) आहे, फसवून पैसे काढणं दखलपात्र आहे, हे त्यांना मी सांगायचं! "तुमचं सिव्हिल मॅटर आहे, मिस्त्री कधी कधी चुकतो." चुकून कोणी बॉक्स रंगवतं का ओ? सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला, युपीआय होतं म्हणून, तर तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, हे सायबर नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथली बाई निदान नीट बोलली, पण बिल द्या. कच्चं. आणि ग्राहक आयोगाच्या कार्यालयात एकाने कागद बघायच्या आधीच ठरवलं की ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. खोटं आहे ते. २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू धंद्यात धरत नाहीत, गाडी स्वतः चालवणाऱ्याने हे कागदावर लिहून न्या, नाहीतर खिडकीवरूनच परत पाठवतील. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी पण नाही. दिवसभर भाडं सोडून चकरा मारायच्या त्या वेगळ्या, त्याचे कोण देणार.

पार्ट बदलायच्या आधी जुन्यावर पंचने किंवा पेन्टने खूण करा, जुना पार्ट घरी आणा. चहाला जाऊ नका, खुर्ची टाकून बसा. आणि जीएसटी भरून पक्कं बिल घ्या, माझे ६,०२० वाचले ते किती महाग पडले बघताय ना.

परवा त्या गॅरेजवाल्याला फोन केला, वाटलं उचलणार नाही. उचलला. एमसीलचं सांगितलं तर एक सेकंद गप्प, मग म्हणतो, "सेठ, गाडी लेके आओ, देखते हैं."