हाँगकाँग-टोकियो चार तास? जाताना ठीक, येताना विसरा

विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारी एक साईट आहे, नाव घेत नाही, दोन शहरं टाकली की किलोमीटर, मैल आणि नकाशावर एक वाकडी रेघ काढून देते. वर्षभर वापरतोय. लॉगिनची कटकट नाही, जाहिराती मात्र इतक्या की खरं बटण कुठलं ते आधी हुडकावं लागतं.

अंतराबद्दल तक्रार नाही. हाँगकाँग ते टोकियो साधारण २,९०० किलोमीटर दाखवते, म्हणजे १,८०० मैल, बरोबरच आहे. ती वाकडी रेघ बघून माझा एक मित्र म्हणाला पायलट फिरवून नेतात वाटतं, तर तसं नाहीये, तोच सगळ्यात जवळचा रस्ता, पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट नकाशावर तो वाकलेला दिसतो. एवढंच की अंतर शहराच्या मध्यापासून धरलंय आणि नारिता एअरपोर्ट मध्य टोकियोपासून ६० किलोमीटर लांब आहे, तो वेळ वेगळा धरा. शहराजवळच्या हानेदा एअरपोर्टला उतरलात तर सुटलात.

गोची आहे ती वेळेत. जाताना ४ तास ८ मिनिटं, येतानाही ४ तास ८ मिनिटं! खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ताशी ८०० किलोमीटर वेग धरलाय आणि वर अर्धा तास टेकऑफ-लँडिंगचा. म्हणजे नुसता भागाकार, वाऱ्याचा पत्ताच नाही. आणि नेमकं जपानवरून हिवाळ्यात जी जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरच्या वाऱ्याचा पट्टा, वाहते ती जगातल्या सगळ्यात जोरदार वाऱ्यांपैकी एक, पश्चिमेकडून पूर्वेकडे, कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर, म्हणजे टोकियोला जाताना पाठीशी आणि येताना समोर. हा वारा जपानच्याच वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून मोजला होता, पण रिपोर्ट लिहिला एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत, मग वाचणार कोण.

मी जानेवारीत गेलो होतो. जाताना खरंच चार तासात पोचलो, स्क्रीनवर वेग १,०५० च्या पुढे, म्हटलं वा, साईट पक्की आहे. परतीच्या तिकिटावर सकाळी १० ला निघून दुपारी २:१५ ला पोच, तेही सव्वाचारच वाटले म्हणून निवांत होतो. डोक्यातच आलं नाही की टोकियो एक तास पुढे आहे, म्हणजे प्रवास खरा सव्वापाच तासांचा. आता हे साईटच्या माथी मारता येणार नाही, वेळेतला फरक ती नीट दाखवते, मीच बघितला नाही. घड्याळ टोकियोचंच ठेवलेलं, त्यात दोन वाजले तशी बॅग आवरली, हेडफोन गुंडाळले, बूट घातले आणि स्क्रीनवर बघतो तर विमान अजून तैवानच्या आसपास, वेग ६८०. शेजारच्या काकू मजेत झोपलेल्या, त्यांना बहुतेक माहीत होतं.

अंतरासाठी पाचपैकी साडेचार स्टार, वेळेसाठी दीड. पूर्व-पश्चिम जाणार असाल तर वेळ एअरलाईनच्या टाईमटेबलातच बघा, ते हंगामानुसार वारा धरूनच बनवतात, आणि दोन्ही टोकांची वेळ स्थानिक असते हे माझ्यासारखं विसरू नका. साईटवाल्यांना सूचना पाठवली होती की निदान जाण्यायेण्याची वेळ वेगवेगळी दाखवा. लगेच उत्तर आलं, अंतर तर दोन्हीकडून सारखंच आहे सर.