‘२०८१’ : नर्तकीच्या अंगावरचं ओझं

मी कथक शिकवते. क्लासमधल्या एका मुलीने “ताई, यात नाच आहे, बघाच” म्हणून ‘२०८१’ हा लघुपट सुचवला. जेमतेम पंचवीस मिनिटांचा. पाहिला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

कर्ट व्हॉनेगट यांच्या १९६१ सालच्या ‘हॅरिसन बर्जरॉन’ या कथेवरून चँडलर टटल यांनी तो २००९ मध्ये केला. २०८१ सालची अमेरिका, तिथे कायद्यानेच सगळे सारखे. ताकदवानाच्या अंगावर वजनं, देखण्याच्या तोंडावर मुखवटा, हुशाराच्या कानात यंत्र. विचार जरा जुळू लागला की त्यातून कर्कश आवाज येतो आणि सगळं विस्कटून जातं. मूळ कथेत हॅरिसनच्या बापाच्या, जॉर्जच्या, गळ्यात ४७ पौंडांची, म्हणजे २१ किलोंहून जड, छऱ्यांची पिशवी आहे.

जॉर्जच्या घरी टीव्हीवर बॅले चाललेला असतो. नर्तकीही तशाच, ओझ्याखाली आणि मुखवट्याआड. मी माझ्या एकेका पायात दीडशे घुंगरू बांधते. नवीन मुलगी आली की तिला पंचवीसच देते, पाय तयार होईल तसे वाढवते. वजन पेलता पेलताच पाय बोलायला लागतो. इथे ओझं बांधलंय ते पायाने बोलू नये म्हणून. सातवीत गॅदरिंगच्या नाचात मला बाईंनी मागच्या रांगेत घातलं होतं. “गिरक्या कमी घे, बाकीच्या मुली उघड्या पडतात.” मी पाचाच्या दोन केल्या. घरी येताना आईने विचारलं, “पाय दुखतोय का गं तुझा?” स्टेजवरच्या त्या मुली बघताना आईचा तो प्रश्न आठवला.

मग हॅरिसन (आर्मी हॅमर) स्टेजवर येतो, एकीचं ओझं उतरवतो आणि दोघं नाचतात. क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूने वाजवलेलं संगीत अंगावर काटा आणतं. तक्रार एकच : हा नाच संथ गतीत दाखवलाय. नुकते मोकळे झालेले पाय! त्यांची खरी लय मला बघायची होती. लय काढून घेतली की नाचात उरतं काय?

पण हा लघुपट खरा पेलला आहे तो जॉर्ज झालेल्या जेम्स कॉस्मो यांनी. पोरगा पडद्यावर, बाप सोफ्यावर. पटलेली ओळख कानातल्या त्या आवाजासरशी बापाच्या चेहऱ्यावरून पुसली जाते. बायको आत स्वयंपाकघरात. तेवढ्या प्रसंगासाठी तरी बघाच.

शनिवारी मोठ्या बॅचला दाखवणार आहे, ततकाराच्या, म्हणजे पदन्यासाच्या रियाजाच्या आधी, घुंगरू बांधायच्या आत. छोट्या बॅचला नाही, शेवटी बंदूक आहे.