दत्तक की फॉस्टर केअर? आमच्या घरात झालेली चर्चा

माझ्या मावसबहिणीने कारावर (CARA, दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) दत्तकासाठी नाव नोंदवलंय, आणि लहान तान्हं बाळ हवं असल्याने वेटिंग तीन वर्षांच्या पुढे गेलंय. मग घरात कुणीतरी म्हणालं, तोवर फॉस्टर केअर घे ना, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायचं. तिथूनच सगळा गोंधळ सुरू झाला.

दत्तक म्हणजे मूल कायद्याने तुमचं, आडनाव, वारसाहक्क सगळं. 2022 पासून आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. 2024-25 मध्ये देशात 4515 दत्तकं झाली, पण लहान बाळं कमी आणि रांग मोठी हे गणित तसंच आहे. आईवडिलांच्या वयालाही मर्यादा, दोन वर्षांखालच्या बाळासाठी दोघांचं मिळून वय 85 पर्यंत, त्यामुळे रांगेत उभं राहता राहता वयच निघून जातं बघा.

फॉस्टर केअरचं तसं नाही. इथे मुलं बहुतेक सहा वर्षांपुढची, संस्थेत राहिलेली, काहींचे आईवडील हयात पण सांभाळायच्या स्थितीत नसलेले. मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने येतं, समिती लक्ष ठेवते, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना 4000 रुपये मिळू शकतात, वारसाहक्क मात्र नाही. आणि खरे आईबाप सावरले तर मूल परत जातं. हे पचणार असेल तरच या वाटेला जा, मी तर बहिणीला तोंडावर सांगितलं की तुला नाही जमायचं, तू पहिल्याच आठवड्यात त्याला 'माझं' म्हणशील.

फॉस्टर केअरच्या 2024 च्या नव्या नियमांत 35 ते 60 वयाच्या अविवाहित, विधवा, घटस्फोटित लोकांनाही मूल घेता येतं, आणि मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळं असेल तर दोन वर्षांनी त्यालाच दत्तक घेता येतं, आधी ही अट पाच वर्षांची होती.

(महाराष्ट्र सरकारची बाल संगोपन योजना वेगळी हं, ती महिना 2250 रुपयांची, त्यात बरीच मुलं आपल्याच आईकडे किंवा आजीकाकांकडे असतात. निम्मे लोक इथेच घोळ घालतात.)

मुलांना काय फायदा, तर रोमानियात बुखारेस्टला 136 अनाथाश्रमातल्या मुलांवर अभ्यास झाला, निम्मी फॉस्टर घरांत पाठवली. त्यांची बुद्धी, माणसाशी जवळीक सुधारली, दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त. आणि आपल्याकडे घर मिळतं ते सहानंतर! म्हणून मोठं मूल घेणार असाल तर शाळेआधी समुपदेशक शोधा.

बहीण अजून रांगेतच आहे. भावोजी मात्र परवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन फॉर्म घेऊन आले.